अनुत्तरित प्रश्न (सर्वेक्षणातील)

सर्वेक्षणात भाग घेऊन, बाकीची उत्तरे देऊन, मधलाच एखादा प्रश्न कोरा सोडणे. मुळात अर्जच न भरणे ही निराळी बाब. कोऱ्या रकान्याचे खापर बहुधा उत्तर देणाऱ्याच्या संकोचावर फुटते. उत्पन्नाच्या प्रश्नाबाबत ते बरेचसे खरेही आहे. पण पुष्कळदा दोष अर्जाच्या मांडणीचा असतो.

स्वतः भरायच्या छापील अर्जात हे ठळकपणे दिसते. पाठपोट छापलेला कागद काही जण उलटतच नाहीत. ‘नसल्यास प्र. 14 वर जा’ ही सूचना खुणेच्या चौकटीपासून दूर, बारीक अक्षरांत असली, की ‘आहे’वर खूण करणाराही कधी कधी थेट चौदाव्या प्रश्नावर पोहोचतो आणि मधले त्याच्यासाठीचे प्रश्न कोरे राहतात. उलट, ‘नाही’ म्हणणारा ते इमानेइतबारे भरत बसतो. अमेरिकेच्या 2000 सालच्या जनगणनेत साधारण दर सहा घरांपैकी एकाला लांब अर्ज गेला होता. त्यातील अशा सूचनांवर मांडणीचे प्रयोग झाले. सूचना चौकटीला खेटून छापणे, टाइप मोठा करणे, बाण काढणे असे ते उपाय. सर्वेक्षण-पद्धतीचे अभ्यासक डॉन डिलमन यांनी 1978 च्या टपाल व दूरध्वनी सर्वेक्षणांवरील ग्रंथापासून हाच आग्रह धरला होता.

एकाच तक्त्यात दहा-बारा विधाने कोंबली की एखादी ओळ नजरेतून निसटते. संगणकावर लाल तारांकन लावून उत्तराची सक्ती करता येते, पण मग काही जण अर्जच अर्धवट टाकतात, तर काही हाताला येईल ते बटण दाबतात. कोरा रकाना निदान दिसतो तरी; खोटे उत्तर ओळखू येत नाही. ‘माहीत नाही’ हा पर्याय छापला तर तो निवडणारे वाढतात, हेही खरे.

नाजूक प्रश्नांसाठी समोर माणूस नसणे सोयीचे. हेडफोनवर प्रश्न ऐकून संगणकावर उत्तर देण्याची पद्धत पुण्यातील अविवाहित तरुणांवर आजमावण्यात आली. तो अभ्यास 2005 मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात मोठ्या सर्वेक्षणांचे अर्ज बहुधा घरोघर जाणारा कर्मचारीच भरतो. त्यामुळे पान उलटायचे राहत नाही, मात्र घाईत प्रश्न वगळणारा आता तोही असू शकतो. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने राहणीमान मोजताना उत्पन्नाच्या प्रश्नाला वळसाच घातला आहे. मिळकत किती, हे न विचारता गेल्या 30 दिवसांत घरात तांदूळ किती लागला, त्यावर पैसे किती गेले, असे विचारले जाते.