‘स्टीफेन्सी’ डास नेमका ओळखतात कसा?

‘ॲनॉफिलीस स्टीफेन्सी’ हा मलेरिया पसरवणारा, मूळचा दक्षिण आशियातला डास. मुंबईत तो इमारतींच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांत वाढतो. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतल्या जिबूतीत आढळला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण होते. २०२० मध्ये हा आकडा ७३ हजारांवर गेला.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या सोंडेच्या दोन्ही बाजूंच्या ‘पाल्प’वर पांढरे पट्टे आणि ठिपके दिसतात. आफ्रिकेतल्या ‘गॅम्बिए’ डासाच्या पाल्पवरही पट्टे असतात, पण ठिपके नसतात. डास पकडताना अंगावरचे खवले झडले, तर गफलत होऊ शकते. म्हणून ‘आयटीएस२’ आणि ‘सीओआय’ या डीएनएच्या भागांचा क्रम तपासून खात्री करतात.

ओळख चुकली, तर उपायही चुकतो. गॅम्बिए प्रामुख्याने पावसाच्या डबक्यांत वाढतो. स्टीफेन्सीला मात्र घराघरांतल्या उघड्या टाक्या पुरतात.