बाळ उताणं की पालथं?

आमच्या गटातल्या एक काकू लेकीचं बाळंतपण करून नुकत्याच इंग्लंडहून परतल्या. जाताना बॅगेत डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, बाळगुटी, काजळ, जुन्या साडीची मऊ दुपटी असं सगळं होतं. आल्या त्या मात्र हिरमुसून. तिथली नर्स घरी येऊन सांगून गेली होती: बाळाला वेगळ्या पाळण्यात, उताणं झोपवा, उशी नको, जाड पांघरूण नको, मध तर अजिबात नको. काकू म्हणाल्या, "चार पोरं वाढवली मी. आता मला शिकवणार का?" लेक मधल्या मध्ये रडकुंडीला आली.

मग बरोबर कोण? आम्ही शोधत गेलो, तर एक मोठा इतिहासच हाती लागला. तो आज सांगतो.

बाळ कसं वाढवावं हे तिकडेही दर पिढीला बदलत आलंय. न्यूझीलंडमध्ये 1907 साली ट्रुबी किंग या डॉक्टरांनी बाळांच्या आरोग्यासाठी संस्था काढली. त्यांचं सांगणं असं, की दूध घड्याळ लावून दर चार तासांनी पाजायचं, रात्री पाजायचं नाही. हा सल्ला इंग्लंडपर्यंत पोचला. अमेरिकेत 1928 साली जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने तर आयांना बजावलं, की मुलांना मांडीवर घेऊ नका, सकाळी हात मिळवा, तेवढं पुरे. कितीतरी आया दाराबाहेर उभ्या राहून, बाळाचं रडणं ऐकत, घड्याळाकडे बघत बसल्या असतील.

पुढे आणखी एक सल्ला आला. उताण्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल, म्हणून त्याला पालथं झोपवा. मोठमोठ्या डॉक्टरांच्या पुस्तकांत हे छापून आलं. घरोघरी बाळं पालथी झोपू लागली. आणि धडधाकट बाळं रात्री झोपेतच जाऊ लागली. कारण कळेना. आयांवर संशय घेतला गेला, आया स्वतःलाच दोष देत राहिल्या.

1985 साली हाँगकाँगमधल्या एका डॉक्टरांनी लिहिलं, की इथे असे मृत्यू फार क्वचित होतात. तिथली चिनी कुटुंबं बाळाला उताणं झोपवत होती. न्यूझीलंडमध्ये मोठी पाहणी झाली आणि तिनेही पालथं झोपवण्याकडेच बोट दाखवलं. इंग्लंडमध्ये 1991 साली टीव्हीवरच्या निवेदिका अ‍ॅन डायमंड यांचं बाळ असंच गेलं. त्या न्यूझीलंडला जाऊन माहिती घेऊन आल्या, सरकारच्या मागे लागल्या. त्याच वर्षाअखेर मोहीम सुरू झाली: बाळाला उताणं झोपवा. काही वर्षांतच हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेत हीच मोहीम 1994 साली आली.

आणखी एक गोष्ट तिथल्या अभ्यासकांच्या लक्षात आली. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारत, पाकिस्तान, बांगलादेशातल्या कुटुंबांत पैसा कमी, जागा कमी, तरी असे मृत्यू गोऱ्या कुटुंबांपेक्षा कमी होते. का? बाळ आईजवळच्या खोलीत झोपतं, अंगावर पितं, आणि आई विडी-सिगारेट ओढत नाही. आपल्या आज्यांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

तेलमालिशीचंही तसंच. फ्रेंच डॉक्टर फ्रेडरिक लबॉयर यांनी कोलकात्यात एका आईला बाळाची मालिश करताना पाहिलं आणि 1976 साली त्यावर पुस्तक काढलं. आज युरोपातल्या आया मालिशीच्या वर्गाला जातात.

मग आपलं सगळंच बरोबर का? नाही, मैत्रिणींनो. पहिलं चिकाचं दूध टाकून देऊन बाळाला मध चाटवणं ही आपलीच रीत. चीक म्हणजे बाळाचं पहिलं संरक्षण, ते आपण कितीदा ओतून दिलं! आणि मधातून एक विषारी रोग होऊ शकतो, म्हणून वर्षाच्या आत मध नको. काही काजळ-सुरम्यात शिसं असतं, ते बाळाच्या मेंदूला घातक. हे इथेही तितकंच खरं आहे.

नर्सचंही म्हणणं समजून घेऊ. आपण सतरंजीवर, पातळ गोधडीवर झोपतो. तिकडे गुबगुबीत गादी, जाड रजई, त्यात बाळाचं नाक दबू शकतं. घरात कुणी सिगारेट ओढत असेल किंवा दारू पीत असेल, तर धोका आणखी वाढतो. म्हणून पाळणा वेगळा. पण तो पहिले सहा महिने आईबाबांच्याच खोलीत ठेवा, असंही ती सांगते. काकूंनी रागात हे अर्धंच ऐकलं होतं.

आता काकू रोज व्हिडिओ कॉलवर लेकीकडून मालिश करून घेतात. पाळणा आईच्या खाटेला लागून आहे. काजळाची डबी परत आली, मधाची बाटलीही.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरची एक रीत सांगा, जी आपण सुनेला देणार, आणि एक, जी आपल्यापाशीच थांबवणार.