राजा म्हणून बोलणार की पंडित म्हणून?

"पीएचडी कशात?" या प्रश्नाला मी "प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञानातलं वक्तृत्व, संवाद आणि नीती" असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग भिवपुरीत बसून?"

प्रश्न रास्त आहे. अथेन्स लांबच आहे. पण ग्रीक भाषा या परिसराला अगदीच परकी नव्हती. भिवपुरी रोडला लोकल पकडून तुम्ही ज्या कल्याणला उतरता, त्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या व्यापारी माहितीपुस्तकात ‘कॅलिएना’ म्हणून येतो. घाट चढून कार्ल्याला गेलात, तर चैत्यगृहाच्या खांबांवरच्या लेखांत धेनुकाकटच्या ‘यवन’ दात्यांचे उल्लेख सापडतात. हे यवन जन्माने ग्रीक होते की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. शब्द मात्र ‘आयोनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावावरूनच आलेला आहे.

आज मात्र व्यापाराबद्दल नाही, वादाबद्दल बोलायचंय. माझ्या संशोधनातला मध्यवर्ती प्रश्न साध्या भाषेत असा: वाद जिंकणं आणि वाद नीट करणं यांत फरक काय? आणि नीट वाद व्हायचा असेल तर आधी काय ठरलेलं असावं लागतं?

वैद्य आणि आचारी

इसवी सनपूर्व 427 मध्ये सिसिलीतल्या लिओन्टिनी नगराचा वकील म्हणून गोर्जियास अथेन्सला आला. त्याच्या भाषणाने अथेन्सवाले भारावून गेले. प्लेटोने पुढे त्याच्या नावाने एक संवाद लिहिला. त्यात गोर्जियास अभिमानाने सांगतो की त्याचा भाऊ वैद्य आहे. रोगी औषध घ्यायला किंवा शस्त्रक्रिया करून घ्यायला तयार नसला की भावाच्या समजावण्याचा उपयोग होत नाही, पण गोर्जियास बोलला की रोगी तयार होतो.

इथवर तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? चांगलंच की. पण गोर्जियास एक पाऊल पुढे जातो. सभेत वैद्याची निवड करायची असेल, तर खऱ्या वैद्यापेक्षा वक्त्याचीच निवड होईल, असं तो म्हणतो. म्हणजे वैद्यकातलं काही कळत नसलेला माणूस, न कळणाऱ्या लोकांपुढे, कळणाऱ्यावर मात करणार! सॉक्रेटिस नेमकं इथेच बोट ठेवतो. असं वक्तृत्व म्हणजे पाककलेसारखी खुशामत, असं त्याचं म्हणणं. लहान मुलांना पंच बसवलं आणि त्यांच्यापुढे वैद्याचा न आचाऱ्याचा खटला चालवला, तर कडू काढा देणारा वैद्य हरणारच.

मग सॉक्रेटिसची पद्धत काय? लांबलचक भाषणं नकोत. एकाने छोटा प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने छोटं उत्तर द्यायचं, आणि मनात असेल तेच बोलायचं. आपलं चुकीचं मत कोणी खोडून काढलं तर त्यात आपलाच फायदा आहे, असं तो मानतो. चुकीच्या समजुतीसारखं मोठं दुखणं नाही, आणि समोरच्याने ते फुकटात बरं केलं!

ऐकायला छान आहे. पण याच संवादात ही पद्धत मोडून पडते. कॅलिक्लीस नावाचा तडफदार तरुण वैतागतो आणि धड उत्तरं देईनासा होतो. शेवटी सॉक्रेटिस स्वतःच प्रश्न विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो. संवादाचं स्वगत होतं. कॅलिक्लीस त्याला बजावतोही की उद्या तुला कोणी कोर्टात खेचलं तर तुला बोलता येणार नाही. वाचणाऱ्याला पुढचं माहीत असतंच. इसवी सनपूर्व 399 मध्ये शेकडो पंचांपुढे, मोजून दिलेल्या वेळात सॉक्रेटिसला बोलावं लागलं आणि त्याला मृत्युदंड झाला.

मिलिंदाला घातलेली अट

आता दुसऱ्या संवादाकडे येऊ. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात वायव्य भारतात मिनॅन्डर नावाचा ग्रीक राजा होऊन गेला. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक मजकूर आहे, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतला. पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ त्याला मिलिंद म्हणतो आणि भिक्खू नागसेनाशी त्याचे प्रश्नोत्तर सांगतो. हा राजा वादात भल्याभल्यांना गप्प करणारा. आपल्याशी बोलू शकेल असा कोणी या देशात उरलाच नाही, अशी त्याची घमेंड.

नागसेन भेटतो आणि म्हणतो की ‘नागसेन’ हे नुसतं नाव आहे, त्यामागे कायमचा असा कोणी पुरुष नाही. राजा लगेच पकडतो: मग शील पाळतो कोण? पापाचं फळ भोगतो कोण? तुम्हाला कोणी ठार मारलं तर खून झाला म्हणायचं की नाही? म्हणजे मुद्दा शाब्दिक नाही, थेट नीतीचा आहे. यावर नागसेन उलट विचारतो: महाराज, आपण इथे आलात कशाने? रथाने. मग आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? इथे नागसेन अगदी सॉक्रेटिससारखा वागतो. उत्तर स्वतः देत नाही, राजाच्या तोंडून काढतो.

पुढे राजा चर्चा सुरू ठेवायला सांगतो, तेव्हा नागसेन अट घालतो. पंडितासारखे बोलणार असाल तर बोलू. राजासारखे बोलणार असाल तर नाही. फरक काय? पंडितांच्या वादात गुंता होतो, उकलतो, एखाद्याचं म्हणणं खोडलं जातं, तो ते मान्य करतो, आणि कोणी रागावत नाही. राजे एक गोष्ट धरून बसतात आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा फर्मावतात.

राजा अट मान्य करतो. वर सांगतो, माझ्याशी मोकळेपणाने बोला, जणू एखाद्या भिक्खूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातल्या सेवकाशी बोलताय. घाबरू नका.

ग्रीक संवादकलेचा थेट प्रभाव या ग्रंथावर आहे, असं काही अभ्यासकांनी सुचवलंय. इतरांच्या मते उपनिषदं आणि पाली सुत्तं पाहता बाहेरून काही आणायची गरजच नव्हती. मला दुसरं मत पटतं, पण माझं काम त्यावर अडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो अटींमधला फरक. सॉक्रेटिसच्या अटी बोलण्याच्या रीतीबद्दल आहेत: उत्तर छोटं द्या, खरं बोला. नागसेनाची अट सत्तेबद्दल आहे: मी तुमच्याशी असहमत झालो, तर माझं काय होईल? सॉक्रेटिसने हे अथेन्सकडून आधी कबूल करून घेतलं नव्हतं. घेताही आलं नसतं.

एक आक्षेप मीच नोंदवते. दोन्ही ग्रंथ एका बाजूने लिहिलेले आहेत. सॉक्रेटिस प्लेटोचा गुरू, आणि ‘मिलिंदपञ्ह’ बौद्धांचा ग्रंथ. नागसेन हरणार नाही हे पहिल्या पानापासून ठरलेलं आहे. ही काही प्रत्यक्ष बोलण्याची ध्वनिफीत नाही. पण लिहिणाऱ्याला ही अट लिहावीशी वाटली, आणि राजाच्या मोठेपणाची खूण म्हणून ती राजाकडून मान्य करून घ्यावीशी वाटली, हे मला पुरेसं बोलकं वाटतं.

मग आज काय?

आपल्याकडची कुठलीही ग्रामसभा डोळ्यांपुढे आणा. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, असं एखादी बाई विचारते. ज्याला विचारते, त्याच्याच सहीवर तिचा पुढचा दाखला अडलेला असतो. ती दुसऱ्यांदा विचारत नाही. इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’ लिहिलं जातं. इथे कोणी खोटं भाषण ठोकलेलं नाही, गोर्जियासची गरजच पडलेली नाही. तरीही संवाद झालेला नाही. विद्यार्थी आणि मार्गदर्शक, सून आणि सासरा, कामगार आणि मालक, सगळीकडे हेच तपासून बघा. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं धरणं हा राजवाद.

बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं. त्याला पुढे मिलिंद महाविद्यालय हे नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. उत्तरं देणाऱ्याचं नाव परिसराला, आणि कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या प्रश्न विचारायची मुभा नव्हती त्यांच्या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या कॉलेजला यापेक्षा नेमकं नाव मला तरी सुचत नाही.

पुढच्या लेखात अॅरिस्टॉटल. वक्तृत्व वाईटच असेल तर त्याने त्यावर अख्खा ग्रंथ का लिहिला, ते बघू. तोवर एक करा: शेवटचा वाद तुम्ही जिंकलात तो आठवा, आणि समोरच्याला हरायची भीती किती होती आणि तुमची किती, ते स्वतःला विचारा.