ब्राझीलमधील इतिहासाची डॉक्टरेट : अध्यासन, परीक्षक आणि दफ्तर

स्पॅनिश अमेरिकेत लिमा व मेक्सिको येथील विद्यापीठांना १५५१ मध्येच राजाज्ञा मिळाली होती. पोर्तुगीज राजसत्तेने मात्र ब्राझीलमध्ये विद्यापीठ असे कधी स्थापू दिले नाही. तेथील सधन घराण्यांतील मुलांना पदवीसाठी समुद्र ओलांडून कोइंब्रा गाठावे लागे. गोमंतकाच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला हा मार्ग नवा वाटू नये. स्वातंत्र्यानंतर १८२७ मध्ये साओ पावलो व ओलिंदा येथे कायद्याच्या शाळा निघाल्या, परंतु इतिहास हा विषय १८३८ साली रिओ द जानेरो येथे स्थापन झालेल्या इतिहास-भूगोल संस्थेतील प्रतिष्ठित सभासदांच्याच हाती राहिला. इतिहासाची डॉक्टरेट ही कल्पना तेथे रुजली ती १९३४ मध्ये साओ पावलो विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर.

या विद्यापीठाने अध्यापक आणले ते मुख्यतः फ्रान्समधून. फेर्नां ब्रोदेल यांनी १९३५ ते १९३७ या काळात तेथे इतिहास शिकविला आणि त्यांच्यामागून जां गाजे आले. पहिले प्रबंध १९४२ मध्ये मान्य झाले. युरीपिदिस सिमोंइस द पाउला यांचा विषय होता वरांगी व्यापार आणि कीव्हचे राज्य! महायुद्धाच्या त्या दिवसांत साओ पावलोहून कीव्हच्या दफ्तरांपर्यंत पोहोचणे अशक्यच होते. अशा विषयाची सारी भिस्त छापील साधनांवर असणे ओघानेच आले. याउलट त्याच वर्षी आलिसि कानाब्रावा यांनी १५८० ते १६४० या काळातील रिओ द ला प्लाता नदीवरील पोर्तुगीज व्यापार हा विषय हाताळला. हा विषय ब्राझीलच्या उंबरठ्यावरचा होता आणि त्यातील आर्थिक दृष्टीही पुढील पिढीला अधिक उपयोगी पडली. या दोन प्रबंधांतील अंतर लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु त्या काळी पदवीपेक्षा अध्यासनाला मोल अधिक. अध्यासनाधिपती हा आपल्या विषयाचा जवळजवळ सार्वभौम सत्ताधीश असे. साहाय्यकाची नेमणूक, त्याचा प्रबंध, त्याचे भवितव्य, सारे त्याच्या मर्जीवर अवलंबून. १९४६ मध्ये अमेरिकेच्या इतिहासाच्या अध्यासनासाठी स्पर्धा झाली. कानाब्रावा यांनी अँटिलीस बेटांतील इंग्रज व फ्रेंच साखर-उद्योगावर प्रबंध सादर केला. परीक्षकमंडळाने अखेर त्यांचे प्रतिस्पर्धी आस्त्रोजील्दु रॉद्रिगिस द मेलु यांच्या पारड्यात माप टाकले. या निर्णयाची चर्चा ब्राझीलच्या इतिहासलेखनात अद्याप थांबलेली नाही, आणि ती थांबू नये हेच योग्य. कारण कानाब्रावा यांचा तो प्रबंध आजही अभ्यासला जातो. त्या अर्थशास्त्र विद्याशाखेकडे वळल्या आणि १९५१ मध्ये तेथे स्पर्धा जिंकून अध्यासनाच्या अधिकारी झाल्या. म्हणजे एका कर्तबगार इतिहासकार स्त्रीला न्याय मिळाला, पण तो इतिहास विभागाबाहेर.

अध्यासनांची ही सत्ता मोडली ती कायद्याने. १९६५ मध्ये न्यूटन सुकुपीरा यांनी केंद्रीय शिक्षण परिषदेसाठी लिहिलेल्या अभिप्रायाने ‘मेस्त्रादु’ व ‘दोतोरादु’ या दोन पायऱ्या अमेरिकन धर्तीवर निश्चित केल्या. २८ नोव्हेंबर १९६८ च्या विद्यापीठ-सुधारणा कायद्याने अध्यासने रद्द केली. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी, १३ डिसेंबरला, लष्करी राजवटीचा पाचवा संस्थात्मक हुकूम निघाला. गुलामगिरीच्या विघटनावर १९६४ मध्ये प्रबंध सादर करणाऱ्या एमिलिया वियोत्ती द कोश्ता यांना १९६९ मध्ये सक्तीने निवृत्त करण्यात आले आणि पुढे त्यांनी अमेरिकेत येल येथे अध्यापन केले. सहकाऱ्यांवरील या कारवाईच्या निषेधार्थ सर्जिउ बुआर्क द ओलांदा यांनी स्वतःहून निवृत्ती पत्करली. अध्यासनाधिपतीची मर्जी गेली ती सरकारची मर्जी येण्यासाठी, असे त्या वर्षांपुरते तरी म्हणता येईल. विलक्षण गोष्ट ही की, संशोधनाला शिष्यवृत्त्यांचे भरभक्कम पाठबळ मिळाले तेही याच राजवटीत.

आजची पद्धत त्याच चौकटीतून वाढलेली आहे. बहुधा मेस्त्रादु झाल्यावर प्रवेश मिळतो. संशोधनाचा आराखडा आणि परकीय भाषेची परीक्षा ही प्रवेशाची अंगे होत. मग अभ्यासक्रम, मध्यंतरीची ‘कालिफिकासांव’ ही चाचणी आणि शेवटी जाहीर बचाव. शिष्यवृत्तीची मुदत साधारणतः चार वर्षांची. सार्वजनिक विद्यापीठांत या पदवीसाठी शिक्षणशुल्क नाही. १९८८ च्या राज्यघटनेचा हा आधार अजून टिकून आहे. परीक्षकमंडळाला ‘बांका’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मेज किंवा बाक. त्या बाकावर बाहेरच्या विद्यापीठातील परीक्षकांनाही बसवितात आणि श्रोत्यांसमक्ष उमेदवाराची तासन् तास उलटतपासणी चालते. १९४६ च्या संदर्भात पाहता या जाहीरपणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मराठी अभ्यासकाचा या साऱ्याशी संबंध केवळ कुतूहलाचा नाही. पोर्तुगीज राजदरबार १८०८ ते १८२१ या काळात रिओ येथे होता आणि गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ मध्ये बंद झाले ते त्याच काळात. त्या न्यायासनाच्या कागदपत्रांचा बराच भाग नष्ट झाला. जे उरले त्यांतील एक महत्त्वाचा संग्रह रिओच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्याचप्रमाणे जुझे रॉबेर्तु दु अमारल लापा यांचा बाहिया व भारताकडील जलमार्ग यांवरील १९६८ चा ग्रंथ गोव्याहून परतणारी जहाजे साल्वादोर बंदरात डागडुजीसाठी का थांबत आणि तेथे पौर्वात्य माल कसा उतरे, हे दाखवितो. गोव्याच्या त्या काळच्या कागदांत कोकणी व मराठी नावे पोर्तुगीज लेखकांनी कानाला भासली तशी टिपलेली असतात. ‘शेणवी’ वा ‘गावकर’ हे शब्द त्या लिखाणातून ओळखून काढणे हे पोर्तुगीज जाणणाऱ्याचे एकट्याचे काम नव्हे, आणि ते ओळखणारा परीक्षक त्या बाकावर सहज सापडेल असेही नाही.