आयरिश भाषेचे पुनरुज्जीवन आणि शाळेवरील भिस्त

इ. स. १९२२ च्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाच्या दिवशी, आयर्लंडच्या हंगामी सरकारची एक आज्ञा अमलात आली. ज्या राष्ट्रीय प्राथमिक शाळेत आयरिश जाणणारा शिक्षक असेल तेथे दररोज किमान एक तास त्या भाषेचे अध्यापन व्हावे, असे तीत फर्मावलेले होते. नव्या राज्याची घटना त्या वेळी संमत व्हावयाची होती. घटनेच्या आधी भाषेची आज्ञा निघावी, यावरून राज्यकर्त्यांच्या मनातील या प्रश्नाचे स्थान कळून येते. आणि ती आज्ञा शाळांना उद्देशून असावी, यात पुढील अर्धशतकाच्या धोरणाचे बीज आहे.

या धोरणास तात्त्विक बैठक दिली ती डब्लिन येथील विद्यापीठीय महाविद्यालयातील शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक टिमथी कॉर्करन यांनी. त्यांचा युक्तिवाद साधा होता. इंग्रजांनी शाळांच्या द्वारे आयरिश मारली. तेव्हा घरातून साहाय्य नसले तरी शाळांच्याच द्वारे ती पुन्हा जिवंत करता येईल. (खुद्द कॉर्करन यांचे आयरिशवर प्रभुत्व नव्हते, ही गोष्ट जाता जाता नमूद करण्याजोगी आहे.) हा युक्तिवाद शिक्षणशास्त्राचा म्हणून मांडला गेला, तरी वस्तुतः तो एक ऐतिहासिक सिद्धान्त होता, आणि त्याची परीक्षा इतिहासाच्याच कसोटीवर व्हावयास हवी.

त्या कसोटीस तो उतरत नाही. राष्ट्रीय शाळांची व्यवस्था १८३१ मध्ये सुरू झाली, आणि तीत आयरिशला स्थान नव्हते, हे खरे. परंतु न्यायालय, बाजार आणि जमीनदाराची कचेरी यांची भाषा त्यापूर्वीच इंग्रजी झालेली होती. १८४५ नंतरच्या दुष्काळाने मृत्यू आणि देशांतर या दोन्ही वाटांनी सर्वाधिक हानी केली ती आयरिश बोलणाऱ्या पश्चिमेकडील गरिबांची. आणि बोस्टन वा न्यूयॉर्कला निघालेल्या मुलास इंग्रजीवाचून गती नव्हती. शाळकरी मुलाच्या गळ्यात एक काठी बांधावयाची, त्याने आयरिश शब्द उच्चारला की तीवर खाच पाडावयाची, आणि खाचांच्या संख्येप्रमाणे शिक्षा करावयाची, अशी चाल अनेक ठिकाणी होती. ही काठी सरकारी नव्हती. तिला आईबापांची संमती असे, आणि घरातील खाचा पुष्कळदा तेच पाडीत. भाषा शाळेने मारली असे म्हणताना आईबापांचा हा हात दृष्टीआड होतो.

तथापि नव्या राज्याने शाळेवरच भिस्त ठेवली. बालवर्गांचे सर्व शिक्षण आयरिशमधून करण्याचे ठरले. आयरिशमध्ये उत्तीर्ण होणे १९२८ पासून माध्यमिक शिक्षणाच्या मधल्या प्रमाणपत्रास, तर १९३४ पासून अंतिम प्रमाणपत्रास आवश्यक झाले. प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेने १९४१ मध्ये आपल्या सभासदांच्या अनुभवावर आधारलेला अहवाल सादर केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना परक्या माध्यमातून शिकविल्याने त्यांचे नुकसान होते, असे त्याचे तात्पर्य होते. सरकारने त्याची फारशी दखल घेतली नाही. पुढे १९६६ मध्ये जॉन मॅक्नमारा यांच्या संशोधनाने हाच प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला, आणि १९७३ मध्ये प्रमाणपत्रासाठीची सक्ती रद्द झाली. विषय मात्र अभ्यासक्रमात राहिला.

शाळेबाहेरचा प्रश्न होता तो गेल्टाख्टचा, म्हणजे जेथे आयरिश अद्याप घरात बोलली जात होती त्या प्रदेशाचा. तेथील स्थितीची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळले ते असे की, आयरिश ही राष्ट्रभाषा म्हणून घोषित करणाऱ्या राज्याचे अधिकारी त्याच भाषेच्या माणसांशी इंग्रजीतच व्यवहार करीत होते. १९३० नंतरच्या दशकात, घरी आयरिश बोलणाऱ्या शाळकरी मुलामागे वर्षाला दोन पौंड देण्याची योजना निघाली. मुलाच्या बोलण्याची परीक्षा निरीक्षक घेई. खाचांच्या काठीची जागा आता पौंडांनी घेतली होती. मूल काय बोलते हे बाहेरच्या माणसाने तपासणे मात्र कायम राहिले.

याच दशकातील एक प्रयोग अधिक बोधप्रद आहे. १९३५ मध्ये भूमी आयोगाने कॉनेमारातील २७ कुटुंबे पूर्वेकडील मीथ परगण्यात राथ कार्न येथे आणून त्यांना घरे आणि शेतजमीन दिली. सभोवार सर्वत्र इंग्रजी होती, तरीही तेथील आयरिश टिकली. दोन वर्षांनी जवळच गिब्सटाउन येथे झालेल्या वसाहतीत ती तितकी टिकली नाही. तेथील कुटुंबे निरनिराळ्या परगण्यांतून आलेली होती; एकाची बोली दुसऱ्यास परकी वाटे, आणि मध्यस्थ म्हणून इंग्रजीच सोयीची ठरे. राथ कार्नचे लोक एकाच भागातील, एकाच बोलीचे होते. त्या वसाहतीस गेल्टाख्टचा अधिकृत दर्जा मिळण्यास मात्र १९६७ साल उजाडावे लागले, आणि तोही रहिवाशांनी चळवळ केल्यानंतर.

हाच क्रम पुढेही दिसतो. १९६९ मध्ये गेल्टाख्टमध्ये नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, तिच्या कार्यकर्त्यांनी १९७० मध्ये विनापरवाना नभोवाणी केंद्र चालविले, आणि १९७२ मध्ये सरकारने त्या प्रदेशासाठी अधिकृत नभोवाणी सुरू केली. दूरचित्रवाणी वाहिनी १९९६ मध्ये आली, राजभाषा अधिनियम २००३ मध्ये झाला. युरोपीय संघाने २००७ मध्ये आयरिशला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. तिच्यातील भाषांतराबाबतची सवलत २०२२ च्या आरंभी संपली.

१८५१ च्या जनगणनेत संपूर्ण बेटावर १५ लाखांहून अधिक लोकांनी आपल्याला आयरिश येते असे नोंदविले होते. २०२२ मध्ये केवळ प्रजासत्ताकातच अशी नोंद करणाऱ्यांची संख्या १८,७३,९९७ भरली. केवळ या आकड्यांची तुलना केली, तर शासनाचे धोरण यशस्वी झाले असेच म्हणावे लागेल. परंतु १९९६ पासून जनगणनेत आणखी एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे: ही भाषा आपण किती वेळा बोलता? शिक्षणक्षेत्राबाहेर ती दररोज बोलतो असे २०२२ मध्ये सांगणारे ७१,९६८ जण होते, आणि त्यांपैकी गेल्टाख्टमध्ये राहणारे २०,२६१.