लेकराला दूध का देईनात?

कुरुंदवाडहून बोलतोय. आमच्या भागात सातमाशी बाळ जन्मलं, की त्याला मिरजेला, सांगलीला नाहीतर कोल्हापूरला न्यावं लागतं. बाळ काचेच्या पेटीत आणि आजी बाहेर बाकावर. तिचा प्रश्न ठरलेला: लेकराला दूध का देईनात? याचं पक्कं उत्तर शोधायला डॉक्टरांनाही कैक वर्षं लागली. आज तीच गोष्ट.

भीती होती ती एका आजाराची. नाव लांबलचक, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. वॉर्डात नुसतं 'नेक' म्हणतात. कोवळ्या आतड्याला सूज येते, त्याचा काही भाग मरतो, कधी भोक पडतं, आणि बाळ दगावू शकतं. हे बहुधा दूध सुरू झाल्यावर दिसतं. मग हिशेब सरळ झाला: दूध लांबवा, आजार टळेल. तोवर शिरेतून साखर, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ द्यायचे.

या हिशेबाला रक्तप्रवाहाचा आधार होता. वार नीट काम करत नसेल, तर पोटातलं बाळ काटकसर करतं. आहे ते रक्त मेंदूकडे आणि हृदयाकडे वळवतं, आतड्याला कमी सोडतं. पाटाला पाणी कमी आलं की शेवटचं शेत कोरडं राहतं ना, तसंच. हे बाहेरून कळतं डॉप्लरमुळे. ख्रिश्चन डॉप्लरने १८४२ साली प्रागमध्ये हा नियम मांडला तो ताऱ्यांच्या रंगाविषयी! तोच ध्वनिलहरींना लावून नाळेतल्या रक्ताचा वेग मोजतात. काही बाळांत हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये हा प्रवाह थांबतो, कधी चक्क उलटा वाहतो. जन्मानंतर आतड्याच्या मुख्य धमनीवरही हीच तपासणी करता येते. दूध पोटात गेलं की एरवी तिथला प्रवाह वाढतो, पचनाला रक्त लागतं म्हणून. मग ज्याचं आतडं आधीच तहानलेलं, त्याच्यावर दुधाचं ओझं कसं टाकायचं?

तर्क बिनतोड वाटतो. पण उपाशी ठेवलेल्या आतड्याचं अस्तरही खुरटतं, आणि शिरेतली नळी जितके दिवस राहील तितका जंतूंचा धोका. शिवाय दूध कधी द्यायचं यावर एवढा खल, पण कुठलं द्यायचं?

इथे गोष्ट मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात येते. पालिकेचं रुग्णालय, गर्दी भयंकर. नवजात विभागाच्या डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी बाटली आणि डब्याचं दूध बंद केलं, आयांनाच वॉर्डात घेऊन बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. ज्या आईला दूध येत नव्हतं, तिच्या बाळासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी तिथे मानवी दुधाची पेढी सुरू झाली, आशियातली पहिली. दान आलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग गोठवून ठेवायचं. (आपल्याकडची गंमत बघा: गाईच्या चिकाचा खरवस वाटून खातो, आणि आईचा चीक पिळून टाकून बाळाला मध चाटवतो.) पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधल्या ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास आला. फक्त डब्याच्या दुधावरच्या बाळांत 'नेक' फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा ६ ते १० पट आढळला. म्हणजे शीवला पेढी उभी राहिली, तेव्हा हे आकडे छापलेही नव्हते. मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो.

'कधी'चं उत्तर २०१२ साली आलं. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ५४ रुग्णालयांत, ज्यांच्या नाळेचा डॉप्लर बिघडलेला होता अशी ४०४ लहानखुरी, अपुऱ्या दिवसांची बाळं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना दुसऱ्या दिवशी दूध सुरू केलं, काहींना सहाव्या. लवकर सुरू केलेली साधारण १८ दिवसांत पूर्ण दुधावर आली, उशिराची २१ दिवसांत. आणि 'नेक'? दोन्ही गटांत ठळक फरक नाही. थांबून तो टळला नव्हता.

अर्थात पोट फुगलं, बाळ हिरवं ओकलं, तर डॉक्टर आजही थांबतात, थांबायलाच हवं. आणि दूध सुरू केलं म्हणजे वाटीभर नव्हे. बारीक नळीतून एक-दोन मिलिलिटर, चहाचा चमचाही भरत नाही एवढं.