तबकड्यांचे लय-स्वर संयोजन

ध्वनिमुद्रित नृत्यसंगीताच्या दोन रचना, नर्तकांच्या पदन्यासात खंड पडू न देता, एकीतून दुसरीत नेण्याचे तंत्र. डिस्क जॉकी अर्थात डीजे या नावाने ओळखला जाणारा वादक त्यासाठी दोन गोष्टी साधतो : दोन्ही रचनांची लय, म्हणजे दर मिनिटास पडणाऱ्या मात्रांची संख्या, समान करणे, आणि एकत्र वाजताना त्यांचे स्वर विसंवादी होणार नाहीत अशी निवड करणे. टेक्नो व ट्रान्स या प्रकारांत वादन कित्येक तास अखंड चालत असल्याने या तंत्रास विशेष महत्त्व आले. गोव्यात त्यास साधनांच्या मर्यादांमुळे वेगळे वळण लागले.

समजा, एक रचना मिनिटास १३० व दुसरी १२६ मात्रांची आहे. दोन्ही एकदम सुरू केल्यास १५ सेकंदांत त्यांच्यात एका पूर्ण मात्रेचा फरक पडतो आणि तत्पूर्वीच ठेके विस्कटतात. म्हणून दुसऱ्या तबकडीचा वेग सुमारे ३·२ टक्के वाढवितात व तिची सम श्रवणीवर ऐकून हाताने जुळवितात. परंतु तबकडी अधिक वेगाने फिरली की स्वरही चढतो. वेग सुमारे ६ टक्के वाढल्यास स्वर एका अर्धस्वराने वर जातो. वरील उदाहरणात तो निम्म्या अर्धस्वराने चढून हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या मधोमध पडेल. लय साधताना स्वर बिघडावा, ही या कलेतील मूळ अडचण होय.

न्यूयॉर्क येथील फ्रान्सिस ग्रासो याने १९७० च्या सुमारास लय जुळविण्याची पद्धत रूढ केली. जपानच्या मात्सुशिता कंपनीने टेक्निक्स एसएल–१२०० हे तबकडीयंत्र १९७२ मध्ये काढले. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत सरकत्या दांडीने वेग ८ टक्क्यांपर्यंत कमीअधिक करण्याची सोय होती. १९८० नंतरच्या दशकात डिट्रॉइट येथे हुआन ॲटकिन्स, डेरिक मे व केव्हिन सॉन्डरसन यांनी टेक्नो संगीत घडविले. त्यातील अनेक रचनांच्या आरंभी व शेवटी केवळ तालवाद्यांचे आवर्तन असते. निश्चित स्वर नसलेल्या या भागांत जोड दिल्यास विसंवादाची भीती राहत नाही.

गोव्यात हणजूण परिसरातील मेजवान्यांतून १९८० नंतर रॉक संगीताची जागा इलेक्ट्रॉनिक संगीताने घेतली. उष्णतेने तबकड्या वाकत व त्यांचे ओझेही फार असे. त्यामुळे तेथे कॅसेटी वापरात आल्या. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या डॅट या अंकीय ध्वनिफितीने त्यांची जागा घेतली. तिचा ध्वनी स्वच्छ असला, तरी तिच्या सुवाह्य यंत्रांत वेग बदलण्याची सोय सामान्यतः नसे. परिणामी लय किंवा स्वर जुळविण्यापेक्षा रचनांचा क्रम आणि जोडाची जागा यांवर वादकाचे कौशल्य केंद्रित झाले. मूळच्या अमेरिकन असलेल्या गोवा गिल (१९५१–२०२३) याने हीच पद्धत दीर्घकाळ चालविली. १९९० नंतरच्या गोवा ट्रान्स रचनांत पुष्कळदा आढळणारे ठेकाविरहित, संथ आरंभ व शेवट या पद्धतीस सोयीचे होते : आलापानंतर गत सुरू व्हावी तशी नवी लय तेथे नव्याने प्रस्थापित करता येई.

स्वरमेळासाठी वादक पंचमचक्राचा आधार घेतात. मार्क डेव्हिस यांच्या कॅमेलॉट चक्रात १२ मेजर व १२ मायनर अशा २४ स्वरश्रेणींना क्रमांक दिलेले आहेत. शेजारच्या दोन श्रेणींत सातांपैकी सहा स्वर समान असतात व त्यांच्या आधारस्वरांत षड्ज-पंचमाचे अंतर असते. भरताच्या नाट्यशास्त्रा त संवादी मानलेले तेरा श्रुतींचे अंतर ते हेच; त्यामुळे या आधुनिक कोष्टकामागील तत्त्व भारतीय वाचकास अपरिचित नाही.

१९९० नंतर अंकीय यंत्रांत स्वर कायम ठेवून लय बदलण्याची सोय झाली; पुढे संगणकप्रणाली लय व स्वरश्रेणी स्वतःच ओळखू लागल्या. कांदोळी येथे २००७ मध्ये सुरू झालेल्या व २०१६ ते २०१८ या काळात पुण्यात भरलेल्या सनबर्न महोत्सवासारख्या मोठ्या मंचांचा काळ या साधनांचाच होय. मात्र यंत्र केवळ जुळणी करते. समोरचा समुदाय पाहून कोणती रचना केव्हा आणावी आणि मेळ हेतुतः केव्हा मोडावा, याचा निर्णय वादकासच करावा लागतो. वेग बदलण्याचे साधनच नसताना गोव्यातील वादकांनी रात्ररात्र वादन बांधले. जुळणी हे या कलेचे साधन आहे आणि निवड व क्रम हे तिचे मर्म, ही गोष्ट त्यांच्या पद्धतीवरून स्पष्ट होते.